निखारा न पडलेल्या धूपदाण्या

जपानी कांस्य-धूपदाण्यांविषयी एक ठरलेला शेरा वारंवार ऐकू येतो: मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) या वस्तू परदेशी गिऱ्हाइकासाठी घडवल्या गेल्या, त्यांत निखारा कधी पडलाच नाही, म्हणून ती कला नव्हे, तो शोभेचा माल. या शेऱ्यातला 'म्हणून' आम्हांस मान्य नाही.

वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. १८७६च्या हुकमाने सामुराईंना तलवार लावून फिरण्यास बंदी झाली आणि तलवारीचा साज घडवणाऱ्या धातुकारांचा आधार तुटला. तांब्यात किंचित सोने मिसळून निळसर काळा रंग साधणारा 'शाकुदो', चांदी मिसळून करडी छटा देणारा 'शिबुइची' हे मिश्रधातू त्यांच्या हातांत मुरलेले होते. आता त्यांतून धूपदाण्या आणि पक्षी घडू लागले. ओतकामात निष्णात असलेल्या सुझुकी चोकिची यांची मोरांची भव्य धूपदाणी १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १८९३ साली शिकागोत गेलेले बारा ससाणेही त्यांच्याच देखरेखीखाली घडलेले. हे सारे बाजारासाठीच होते.

पण ज्या 'कला' या संकल्पनेच्या नावाने त्यांना बाहेर काढले जाते, तिचा जपानी प्रतिशब्द कुठला? 'बिजुत्सु' हा शब्द १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या तयारीत, तिथल्या नियमावलीचे भाषांतर करताना घडवला गेला. म्हणजे शब्द आणि वस्तू एकाच प्रदर्शनी व्यवहारातली भावंडे. त्यांतल्या एकाने दुसऱ्याचे कूळ काढावे, हा न्याय विचित्र आहे.

साहित्याच्या वर्गात तरी आपण असा न्याय लावतो काय? दिवाळी अंकाच्या संपादकाच्या तगाद्यामुळे लिहिली गेलेली कथा तगाद्यापायी कुणी बाद करीत नाही. ती वाचून मग बरीवाईट ठरवतो. धूपदाणीला मात्र ही सवलत नाही.

या मालात पुष्कळ उथळ होते, हे आम्ही कबूल करतो. ड्रॅगनवर ड्रॅगन रचून किंमत वाढवलेले नमुनेही होते. परंतु उथळ आणि सखोल यांतला भेद प्रत्यक्ष पाहिल्यावरच करता येतो, आणि 'शोभेचा' हा शिक्का नेमके ते पाहणेच अनावश्यक ठरवतो. गिऱ्हाईक कोण होते, हा इतिहासाचा प्रश्न आहे. काम कसे उतरले, हा समीक्षेचा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटला असे मानणे हा निव्वळ आळस होय.