जांभोरीला कॅमेरा कधी जाणार?

पुण्यात सिनेमा शिकणाऱ्या मुलाला रशियन शेतकऱ्याचे घर पाठ असते. आयझेनस्टाइनच्या १९२९ सालच्या ‘जुने आणि नवे’त दोन भाऊ वेगळे होतात आणि वाटणी म्हणून लाकडी घर करवतीने मधोमध कापून घेतात. (आपल्याकडे भिंत घालून भागते.) त्यातली नायिका मार्फा लाप्किना ही खरीखुरी शेतकरीण. तो सगळा सरकारी प्रचार होता, आणि पुढे सामूहिक शेतीच्या नावाखाली त्याच शेतकऱ्याची जी दैना झाली ती तिथे पडद्यावर येणे शक्यच नव्हते. तरीही त्या माणसांचे चेहरे जवळपास शंभर वर्षांनंतर लक्षात राहतात.

पुदोव्हकिनच्या १९२७ सालच्या ‘सेंट पीटर्सबर्गचा अंत’मधला खेड्यातला पोरगा पोटासाठी शहर गाठतो. हीच वाट कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दोन वर्षे आधी, १९२५ साली, ‘सावकारी पाश’मध्ये दाखवली होती. कथा ना. ह. आपटे यांची. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी गिरणीत कामाला लागतो. तो तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला. पेंटरांनी १९३६ साली याच कथेचा बोलपटही काढला. मूळ मूकपट मात्र आज उरलेला नाही. पुदोव्हकिनची रिळे मॉस्कोने जपली, पेंटरांची आपल्याला जपता आली नाहीत.

रिळे गेली तरी ती गोष्ट गेलेली नाही. जुन्नर-आंबेगावात ती पेंटरांच्याही आधी घडली आहे. जांभोरीचा होन्या भागोजी केंगले हा महादेव कोळी. त्याने १८७३ पासून सावकारांच्या घरांवर छापे घातले. सरकारने त्याच्या शिरावर हजार रुपयांचे इनाम लावले, आणि जुलै १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली ती १८७५ च्या मे महिन्यात, म्हणजे होन्या डोंगरात मोकळा फिरत होता तेव्हाच. या सगळ्याची दखल घेऊन सरकारला १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. एवढे नाट्य असताना पटकथाकाराला आणखी काय हवे?

आमचा कॅमेरा जुन्नरला येतो तो शिवनेरी चढायला, नाहीतर नारायणगावच्या तमाशाच्या फडात. दोन्ही ठिकाणी जावेच. पण भात-नाचणीच्या खाचरात, हिरडा वेचणाऱ्या बाईपाशी तो थांबत नाही. याच तालुक्यांतून मुंबईला गेलेल्या माणसांच्या पिढ्यांनी तिथे जेवणाचे डबे पोहोचवले. २०१३ सालच्या ‘द लंचबॉक्स’ने डबा जगभर नेला, डबेवाल्याचे गाव मात्र पडद्याबाहेरच राहिले.

खर्चाची सबब सांगू नये. मार्फाच्या गोष्टीलाही राजवाडे लागले नव्हते. पुण्याहून मंचर, घोडेगाव करत जांभोरीला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते.