अंगण फरसबंद, पाठ पर्यावरणाचा

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो. तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते. म्हणून शाळा उघडल्यावर सवडीने तो उरकला जातो. बालवाडीतून सूचनापत्र येते: मुलांनी हिरवा पोशाख घालून यावे. आईवडील बाजारात धावतात. एरवी कधी न लागणारा हिरवा झगा विकत घेतला जातो, चकचकीत कागदाची पाने चिकटवलेला मुकुट डोक्यावर चढतो, छायाचित्रे निघतात आणि दुपारच्या आत तो मुकुट कचऱ्यात पडतो. चार वर्षांच्या बालकाला त्या दिवशी आपण काय शिकवले? निसर्ग हा एक वेष आहे आणि तो वर्षातून एकदा घालायचा असतो, एवढेच!

आमची तक्रार मुकुटापुरती असती तर आम्ही लेखणी उचललीही नसती. पण हा सोहळा जेथे होतो ते अंगण पाहावे. वसईच्या आमच्या परिचयातील एका बालवाडीचे अंगण कडेपर्यंत फरसबंद झाले आहे. चिंचेच्या बुंध्यालाही सिमेंटचा गळफास बसला आहे. का, तर पावसाळ्यात चिखल होतो आणि गणवेश मळतात. खेद याचा, की ही मागणी पालकांचीच होती. म्हणजे तुमची आणि आमची. ज्यांच्या आजोबांची नखे वाडीतल्या मातीने कायम काळी असत, त्यांच्या नातवंडांना माती लागू नये म्हणून आपण वर्गणी काढतो.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान मुलांना काय कळणार? हे काही नवे कोडे नव्हे आणि त्याचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर देऊन झाले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गावाला परवडणारी नव्हती. म्हणून या दोघींनी बिया, शिंपले, खडे, पाने आणि माती ही साधने केली. मुले मोजायला शिकली ती चिंचोक्यांवर. जी मुले शाळेत येईनात त्यांच्या वस्तीतल्या अंगणात शाळा गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. पर्यावरणाचा वेगळा तास तेथे नव्हता, कारण सारी शाळाच त्यात उभी होती. बोर्डी आपल्यापासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. आपण मात्र बालशिक्षणाचे आदर्श सातासमुद्रापलीकडून, तेही प्लास्टिकच्या वेष्टनात, मागवतो.

आज बालवाडीच्या भिंतीवर वितळणाऱ्या बर्फावर उभ्या असलेल्या अस्वलाचे चित्र असते. ते खोटे नाही. पण ज्या बाळाने बर्फ फक्त सरबताच्या पेल्यात पाहिला, त्याला त्या अस्वलासाठी काय करता येणार? त्याच्या वाट्याला नुसती भीती येते. घरामागचे बावखल मात्र त्याला कोणी दाखवत नाही. पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी, भोवतालच्या विहिरींना पाझर पुरवणारी ही तळी आपल्या पूर्वजांनी राखली. त्यांतली कितीतरी आपल्या डोळ्यांदेखत भरावाखाली गेली. जुलै २०१८ मध्ये पाण्याने वसईला वेढले, तेव्हा पाण्याला जागा कोठे उरली आहे हे आपण एकमेकांना विचारत होतो! बावखलाच्या काठी बसून बेडकाची पिल्ले पाहिलेले मूल मोठेपणी ते बुजवायला सहजी तयार होणार नाही, असे आम्हांला वाटते. अर्थात काठावर बाई सोबत हवीच.

ज्याला हल्ली ‘शाश्वतता’ हे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याला आपल्या आज्या ‘पुरवून वापरणे’ म्हणत. मोरीचे पाणी केळीला जाई आणि सालपटे गुरांपुढे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दिवे मालवणे, लागेल तेवढेच शिजवणे अशा बारीकसारीक गोष्टींचा मुद्दाम उल्लेख केला. यांपैकी तीन वर्षांच्या मुलाला न जमणारे असे काय आहे? हात धुतलेले पाणी अळूला घालणे त्याला जमते. डब्यातली उरलेली पोळी कोठे जाते हे पाहणे तर त्याला आवडतेच.

एक साधा प्रयोग सांगतो. जूनमध्ये मुलांच्या हातांनी अंगणात दोन खड्डे करावेत. एकात केळ्याची साल पुरावी, दुसऱ्यात वेफर्सचे रिकामे पाकीट. वर खुणेच्या काटक्या रोवाव्यात. गणपतीच्या सुट्टीनंतर दोन्ही उकरावेत. साल ओळखू येणार नाही. तिच्या जागी काळी भुसभुशीत माती आणि बहुधा एखादे गांडूळ सापडेल. पाकीट मात्र धुतले की पुन्हा चकाकेल. बाईंनी तेव्हा भाषण करू नये. प्रश्न मुलेच विचारतील, आणि तेच प्रश्न संध्याकाळी घरी आपल्यालाही विचारतील. पालकांची खरी अडचण कदाचित येथेच आहे.

या प्रयोगाला खर्च शून्य. लागते ती फक्त हातभर उघडी जमीन, आणि आपल्या किती बालवाड्यांत ती शिल्लक आहे? तेव्हा येत्या पालकसभेत शुल्क आणि गणवेश यांच्या आधी हा प्रश्न विचारावा, चार फरशा उचलायला सांगाव्यात. गणवेश मळतील असे उत्तर आले, तर आमच्या घरी साबण आहे, असे नम्रपणे कळवावे.