दुखऱ्या पायाची मागची नोंद



चालताना पोटरी दुखते, थांबले की राहते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांकडून ही तक्रार आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. ‘वय झाले’ म्हणून ती सोडून दिली जाते. पण पायाकडे रक्त नेणारी धमनी आतून चरबी साचून अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. बिडी-सिगारेट आणि मधुमेह ही त्याची दोन मोठी कारणे. दुर्लक्ष केले तर पायाची जखम भरत नाही, आणि पाय कापण्याची पाळीही येते. कमावत्या माणसाचा पाय गेला म्हणजे घरच लंगडे होते.

हा आजार एकदा तपासून भागत नाही. धमनी गेल्या वेळेपेक्षा किती अरुंद झाली, ते पाहावे लागते. सोनोग्राफीत इथेच अडचण येते. तपासणारा बदलला, उपकरण टेकवण्याचा दाब किंवा कोन बदलला, तर मापही बदलू शकते. मग आजार वाढला की हात बदलला, हे कळणार कसे? यासाठी कॅनडात मॉन्ट्रियल येथील गी क्लुतिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीचे उपकरण यंत्रमानवाच्या हाती दिले. त्यांचे शोधनिबंध २००८ आणि २०१६ साली प्रसिद्ध झाले. यांत्रिक हाताची प्रत्येक जागा नोंदली जाते. त्यावरून चित्रे जोडून धमनीचा लांबी-रुंदी-खोलीसह आकार उभा करता येतो. शिवाय सोनोग्राफीत क्ष-किरण नसल्याने तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

असे यंत्र आपल्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. त्यामागचे तत्त्व मात्र आजच घेता येते: मागच्या मापाशी ताडून पाहावे. डॉक्टरांना घोट्याचा रक्तदाब मोजायला सांगा. घोट्याला ९८ आणि दंडाला १४० आला, तर भागाकार ०.७ येतो. तो ०.९ किंवा त्याहून कमी असेल, तर पायाला रक्त कमी पोहोचते असे समजतात. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून मधुमेह असेल तर तो आधी सांगा. प्रत्येक कागद तारखेसह एका फाइलीत ठेवा, आणि बिडी आजच सोडा.

मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत फार छळले. त्यांनी देह झिजवला तो आपल्यासाठी. आपण आपल्या देहाची हेळसांड करावी म्हणून नव्हे.