काचेच्या नळीतील गोडवा आणि त्याचा हिशेब

जुनी वस्तू अडगळीत जाते आणि काही काळाने तीच दुप्पट भावाने बाजारात परत येते, हे व्यापारी कुटुंबांना नवे नाही. ट्यूब अँप्लिफायरच्या, म्हणजे पूर्वीच्या भाषेत व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाच्या बाबतीत सध्या असेच घडत आहे. मोबाइलवरील किंवा सीडीवरील गाणी या काचेच्या नळ्यांतून ऐकली की त्यांचा ‘डिजिटल कोरडेपणा’ जातो आणि आवाजाला ऊब येते, असे विक्रेते सांगतात. या यंत्रांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत. तेव्हा या विधानातील सत्याचा अंश किती, हे खरेदीपूर्वी तपासणे गृहस्थाच्या हिताचे ठरेल.

हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तापलेल्या धातूपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. 1904 मध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी या तत्त्वावरील व्हॉल्व्ह तयार केला. 1906 च्या सुमारास ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये तारेची एक जाळी बसवली. जाळीवरील अल्पशा दाबाने मोठा प्रवाह कमीजास्त करता येऊ लागला आणि दुबळा ध्वनिसंकेत सबळ करण्याचे साधन जगाला मिळाले. जुन्या घरांतील व्हॉल्व्हचा रेडिओ कळ दाबताच बोलत नसे, कारण आतील तंतू आधी तापावे लागत. डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील दोन-तीन दशकांत या नळ्या घराघरांतून निघून गेल्या.

आता डिजिटल संगीताकडे वळू. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीत आवाजाचे दर सेकंदाला 44,100 वेळा मोजमाप घेतलेले असते आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर नोंदवलेले असते. यावरून अनेकांची समजूत होते की ऐकू येणारा आवाज जिन्यासारखा तुटक असतो आणि ट्यूब त्यातील फटी भरून काढते. ही समजूत चुकीची आहे. आकड्यांचे पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर होते, तेव्हा ती लहर गाळणीतून जाऊन अखंड आणि गुळगुळीत होते. मानवी कानाची मर्यादा साधारणपणे सेकंदाला 20,000 कंपनांची आहे आणि तेथपर्यंतचा नाद या मोजमापात पुरता सामावतो. भरून काढावी अशी फट तेथे नसतेच. एमपी3 सारख्या आटोपशीर फायलींत मात्र काही अंश खरोखर गाळलेला असतो. पण जी नोंद वहीतच नाही ती कोणताही मुनीम पुन्हा निर्माण करू शकत नाही, तसेच ट्यूबचेही आहे.

मग कानाला जाणवणारा फरक कशाचा? तो भरीचा आहे. ट्यूब मूळ नादात स्वतःची भर घालते. मूळ षड्जाच्या दुप्पट कंपनांचा नाद म्हणजे तार षड्ज, तिप्पट कंपनांचा नाद म्हणजे त्याच्या वरचा पंचम. एकेरी ट्रायोड रचनेचा ध्वनिवर्धक मुख्यतः ही दुप्पट कंपनांची छटा मिसळतो. पूर्ण क्षमतेजवळ तिचे प्रमाण शेकडा एक किंवा त्याहून अधिक असू शकते. चांगल्या ट्रान्झिस्टर यंत्रात सर्व भर मिळून दहा हजारांत एका भागाहूनही कमी असू शकते. दुप्पट कंपनांचा नाद मूळ स्वराशी सुसंवादी असल्याने कानाला तो दोष न वाटता भरदारपणा वाटतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हाही सहायक नादच खुलतात. मात्र तेथे ते वाद्याचे अंग असते, येथे ती यंत्राची भर असते. म्हणून एकट्या गळ्याला किंवा बासरीला ट्यूब खुलवते, परंतु मोठा वाद्यवृंद वाजू लागला की निरनिराळ्या स्वरांची सरमिसळ होऊन आवाज गढूळ होऊ शकतो.

दुसरे कारण स्पीकरशी निगडित आहे. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेले असले तरी त्याचा अवरोध प्रत्येक स्वराला निराळा असतो. ट्यूब यंत्राचा स्वतःचा अंतर्गत अवरोध बहुधा जास्त असल्याने काही स्वर किंचित उठून येतात, तर काही दबतात. त्यामुळे एकाच्या घरी मधुर वाजणारे यंत्र दुसऱ्याच्या स्पीकरवर निराळे वाजते. 1985 मध्ये अमेरिकेतील ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या आव्हानावरून बॉब कार्व्हर या अभियंत्याने आपल्या ट्रान्झिस्टर यंत्रात फेरफार करून एका महागड्या ट्यूब यंत्राशी त्याचे वर्तन जुळवले. तेव्हा मासिकाच्या जाणकारांनाही दोहोंतला फरक सांगता आला नाही. यावरून ट्यूबचा गोडवा मोजता येण्याजोगा आहे, त्यात गूढ काही नाही, हे दिसून आले.

म्हणजे ट्यूब घेणे व्यर्थ आहे काय? तसेही नाही. पदार्थात वरून घातलेले तूप मूळ पाककृतीत नसले तरी एखाद्याला रुचते, तशीच ही आवड आहे. एवढेच की, जुन्या गाण्यांत हे तूप आधीच पडलेले आहे. 1949 च्या ‘महल’ची गाणी ध्वनिमुद्रित झाली ती व्हॉल्व्हच्याच यंत्रांवर, आणि डिजिटल प्रत ती छटा जशीच्या तशी जपते.

खर्चाची बाजूही पाहावी. 300बी या प्रसिद्ध नळीची एकेरी रचना जेमतेम आठ वॅट शक्ती देते, म्हणून तिला थोड्या शक्तीत मोठा आवाज देणारे स्पीकर लागतात. शक्ती देणाऱ्या नळ्या काही हजार तासांनी बदलाव्या लागतात. यंत्र 150 वॅट घेत असेल आणि रोज तीन तास चालत असेल, तर महिन्याला साडेतेरा युनिट वीज लागेल. ही रक्कम मोठी नाही, खरा खर्च नळ्यांचा आहे. परदेशातून आणलेले यंत्र 230 व्होल्टवर चालते का, हे आधी पाहावे. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकतो, म्हणून झाकण घरी उघडू नये. तापलेल्या काचेपासून मुलांना दूर ठेवावे. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालवू नये. काही स्वस्त यंत्रांत नळीखाली केशरी दिवा लावलेला असतो आणि काम मात्र चिप करते. तेव्हा ध्वनिसंकेत नळीतून खरोखर जातो का, हे विचारावे.

अखेरची परीक्षा कानाचीच. दोन्ही यंत्रांचा आवाज मोजून सारखा करावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. आपल्या परिचयाचे गाणे लावावे आणि कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. एवढे करूनही ट्यूबच आवडली, तर ती आनंदाने घरी आणावी. फरक कळला नाही, तर तेच पैसे चांगल्या स्पीकरवर खर्च करावेत, कारण घरातील आवाजात सर्वांत मोठा पालट तेथूनच होतो.