थंडीची तयारी छपरापासून

नाशिक जिल्ह्यातल्या थंडीची बातमी म्हणजे निफाडची बातमी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते दुसऱ्या दिवशी सगळा महाराष्ट्र वाचतो. डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा वेळी द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि मणी तडकू नयेत म्हणून ठिबकचे पाणी सोडतात. त्यात काही चूक नाही, बागेवर वर्षाची कमाई असते. पण बागेत काम करणारा मजूर ज्या घरात झोपतो, त्या घराच्या थंडीचा विचार कोण करतो?

आपल्या बागलाणात, मोसम खोऱ्यात, थंडीला दोन महिन्यांची पाहुणी समजून सोसायची रीत आहे. उन्हाळ्यासाठी आपण कूलर दुरुस्त करतो, पावसाळ्याआधी कौले चाळतो. हिवाळ्यासाठी मात्र पेटीतल्या रजया काढून उन्हात टाकल्या की तयारी संपली. पूर्वी एवढे पुरत होते, कारण घरेच वेगळी होती. धाब्याच्या घराला हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर. दिवसाची ऊब त्या भिंती रात्री हळूहळू परत देत. आता त्या जागी पत्रा आला. पत्रा स्वस्त आणि झटपट बसतो, पण निरभ्र आकाशाखाली तो सूर्य मावळताच गार पडू लागतो. पहाटे तर त्याच्या आतून दवाचे थेंब अंथरुणावर टपकतात. अशा घरात तीन रजया घेतल्या तरी गारठा जात नाही. कारण उबेला वर अडवणारेच काही नसते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. थंडीसाठी जो पैसा काढायचा तो आधी छपरावर आणि फटींवर खर्च करावा, इंधनावर नंतर. पत्र्याखाली बांबूच्या काठ्या बांधून त्यावर जाड चटई किंवा जुन्या गोधड्या ताणल्या, तर मधल्या हवेचा थर ऊब धरून ठेवतो. हेच छत मे महिन्यातही कामी येते. चूल आणि उघड्या वायरी यांपासून ते लांब ठेवावे, एवढी काळजी घ्यायची. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट, दाराखालची फट, काच फुटलेली खिडकी, हे काम एका रविवारचे आहे. फरशीवर झोपणाऱ्यांनी अंगावरच्या पांघरुणाइतकाच विचार अंगाखालच्या अंथरुणाचाही करावा, कारण जमीन अंगातली ऊब ओढून घेते.

आता खर्चाचे गणित पाहू. एका माणसाच्या अंघोळीला १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. सहा जणांच्या घरात रोजचे तीन युनिट, महिन्याचे ९०. एरवी शंभर युनिटांच्या आत राहणारे घर हिवाळ्यात त्या रेषेपलीकडे जाते आणि पलीकडच्या प्रत्येक युनिटाचा दर जवळपास दुप्पट असतो. गॅसचेही तसेच. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, घरोघरी टाकी पोहोचली. पण एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी वाढला, आणि पाणी तापवायला तो वापरला तर महिना पुरत नाही. मग बायका पुन्हा बाभळीच्या काट्याकुट्यांकडे वळतात. घरात सर्वांच्या आधी उठून, धुरात डोळे चोळत बंब पेटवणारी बाई हा हिवाळ्याचा खरा खर्च आहे, आणि तो कुठल्याही बिलात दिसत नाही. काळ्या टाकीत किंवा पिंपात दिवसभर उन्हात ठेवलेले पाणी आणि म्हाताऱ्यांची, लहान मुलांची दुपारची अंघोळ एवढ्यानेही तिचा भार हलका होईल.

एक गोष्ट मात्र सोय म्हणून कधीच करू नये. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणे म्हणजे मरण जवळ घेणे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस उठत नाही. गॅस गीझरही बंद न्हाणीघरात असाच जीव घेतो. शेगडी निजण्याआधी बाहेर काढा, आणि गीझर बाहेर हवेशीर जागी बसवून घ्या.

आपल्या मोहल्ल्यासाठी दोन शब्द. फजरच्या वेळी हौदाच्या बर्फासारख्या पाण्याने वुजू करणारे दम्याचे, हृदयविकाराचे बुजुर्ग मी पाहतो. शरीराला अपाय होण्याची खरी भीती असेल आणि पाणी तापवायची सोय नसेल, तर शरियतने तयम्मुमची सवलत दिली आहे, ही गोष्ट इमामसाहेबांनी थंडीच्या जुम्म्याला सांगावी. आणि मशिदीच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवला तर वुजूची सोय होईलच, शिवाय शेजारच्या एकट्या राहणाऱ्या वृद्धालाही बादलीभर गरम पाणी मिळेल.

जकातीचेही तसेच. आपल्याकडे बहुतेक जण ती रमजानमध्ये काढतात. २०२५ मध्ये रमजान मार्चमध्ये आला, २०२६ मध्ये फेब्रुवारीत. म्हणजे गरजूंच्या हाती रजई पडते तेव्हा थंडी निघून जात असते. साहिबे-निसाब माणसाला जकात आगाऊ देता येते. ती नोव्हेंबरमध्ये द्यावी आणि रोख द्यावी. कोणाला रजई हवी, कोणाला छप्पर, कोणाला मुलांचे स्वेटर, हे ज्याचे त्याला कळते. वाटपाचे फोटो काढायची तर अजिबात गरज नाही.

हिवाळ्यात वर्गातल्या रिकाम्या बाकांकडे पाहिले की कोणाचे घर गारठलेले आहे ते मला हजेरी न घेताही कळते. खोकल्याने आठवडाभर न येणारी मुले बहुधा पत्र्याच्या घरांतली असतात. थंडी सगळ्यांवर सारखी पडते, पण सोसावी लागते ती छपराप्रमाणे. म्हणून यंदा रजया उन्हात टाकताना एकदा मान वर करून आपल्या छपराकडे बघा, आणि मग शेजाऱ्याच्याही.