रेशन घेऊ, पण वही कोणाच्या हातात?

सकाळी सातला कोलशेत रोडवर उभे राहा. टॉवरच्या गेटावर वॉचमन, जिने पुसणाऱ्या बाया, पाठीवर पार्सलचं ओझं घेतलेली पोरं. ही पोरं कुठल्या वस्तीतली, ते सांगायला नको. याच रस्त्यावर सॅन्डोझचा, पुढे क्लॅरियंट झालेला, रसायनांचा कारखाना होता. कारखाना गेला, जमीन बिल्डरकडे गेली. जमीन विकायचा ठराव भागधारकांनी करायचा असतो. तिथे हयात घालवलेल्या कामगाराला त्यात मत नसतं. कायदाच तसा आहे.

त्या पोरांना सरकार काय देतं? प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य, २०२३ पासून फुकट. २०२४ पासून बहिणींच्या खात्यात महिना १५०० रुपये. हे सगळं घ्यायचं. काडेपेटीपासून चपलेपर्यंत कर आपणही भरतो. 'फुकटे' म्हणणाऱ्याच्या बापाचं काही जात नाही. उपाशी पोटाला तत्त्वज्ञान सांगणारा हरामखोर.

पण २०२५ साली त्याच बहिणींच्या याद्यांची छाननी झाली आणि लाखो नावांचे पैसे थांबले. कोण पात्र, कोण अपात्र, हे वर ठरलं. ज्याच्या हातात वही, तोच नाव लिहितो आणि तोच खोडतो. गावकीतल्या बलुत्याचा कायदा याहून काय वेगळा होता?

बाबासाहेबांनी हे १९४७ सालीच मांडलं. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूळ उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची मागितली. जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यायची. आणि हे सगळं राज्यघटनेतच लिहायचं, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते मोडता येणार नाही. कारण साधं होतं. बेकार माणूस नोकरीसाठी बोलायचा आणि संघटना करायचा हक्कही गहाण टाकतो. ठेकेदाराकडे राबणाऱ्या कोलशेतच्या पोराला विचारा, युनियनचं नाव काढलं तर काय होतं.

१९७१ साली अमेरिकेत जॉन रॉल्सचं न्यायावरचं पुस्तक आलं. पुढच्या साली मुंबईत पँथर उभी राहिली. रॉल्सचा अर्थ पुष्कळांनी असा लावला, की तळातल्याच्या ताटात थोडं जास्त पडलं की न्याय झाला. २००१ साली त्यानेच स्पष्ट लिहिलं, की नुसतं कल्याणकारी राज्य पुरत नाही. मालमत्ता मूठभरांकडे राहिली की सत्ताही त्यांच्याकडेच राहते. आपल्या माणसाने हे चोपन्न वर्षं आधी सांगितलं होतं. विद्यापीठातले लोक कोणाचं नाव घेतात ते बघा.

'हे सगळं कागदावर' असं म्हणणाऱ्यांना कुर्ला दाखवा. १९८८ साली बंद पडलेला कमानी ट्यूब्जचा कारखाना कामगारांनी स्वतःच्या मालकीत घेतला आणि काही वर्षं चालवून दाखवला. पुढे तो अडचणीत आला, हेही खरं. मालकांचे कारखाने बुडतात तेव्हा मात्र मालकी हक्कच खोटा, असं कोणी म्हणत नाही.

लाल भाईंनाही एक गोष्ट ऐकवायची आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. सूत तोंडाने ओढावं लागे, विटाळ व्हायचा. दार अडवायला मालकाबरोबर सवर्ण कामगारही उभा होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न टाकला. उद्या कारखाना कामगारांचा झाला आणि जात तशीच राहिली, तर विणकाम खातं पुन्हा त्यांचं आणि झाडू पुन्हा आपला. ती मालकी आपल्याला नको.

तेव्हा पोरांनो, रेशन घ्या, पैसे घ्या, घर घ्या. घेताना मान खाली घालू नका. आणि दर ठिकाणी तीन प्रश्न टाका. यादी कोणी केली? ठेका कोणी दिला, केवढ्याला दिला? ठराव झाला तेव्हा आपला माणूस मत द्यायला होता का? वस्तीतल्या पुनर्वसनाच्या सभेपासून सुरुवात करा. कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका, वाचता येत असताना तर मुळीच नाही.

जय भीम!