इजांची बेरीज आणि उपजीविका

रस्त्यावरील अपघातात एकाच माणसास अनेक इजा झाल्या म्हणजे त्याच्या नुकसानभरपाईचा हिशेब कसा करावा, हा प्रश्न वरकरणी गणिताचा दिसला तरी तो मूलतः न्यायबुद्धीचा आहे. कारण मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १६८ ने दावा प्राधिकरणावर सोपविलेले काम न्याय्य रक्कम ठरविण्याचे आहे, अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्के जुळविण्याचे नव्हे.

निव्वळ बेरीज चूक, याविषयी वाद नाही. एका हातास ६० टक्के आणि एका पायास ८० टक्के अपंगत्व आले म्हणून माणूस १४० टक्के अपंग ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निवाड्यात स्पष्ट केले आहे. अपंगत्वाच्या दाखल्यांसाठी सरकारने घालून दिलेल्या सूत्रातही दुसरी इजा पहिलीपेक्षा हलकी मोजली जाते. ६० आणि ३० मिळून तेथे ७० होतात. वैद्यकास हे ठीक. परंतु पोटापाण्याच्या बाबतीत हिशेब पुष्कळदा उलट्या दिशेने जातो.

बत्तीस वर्षांचा एखादा गवंडी घ्या. डावा पाय नीट न जुळल्याने त्यास कुबडी लागली आणि उजवे मनगट वळेनासे झाले. पायच अधू असता, तर बसल्या बैठकीने त्याने गिलावा केला असता; हातच अधू असता, तर परांचीखाली उभे राहून मुकादमी केली असती; पण थापी ज्या हाताने धरावयाची आणि कुबडीवर भार ज्या हाताने द्यावयाचा तो हात एकच, आणि तोच निकामी. विमा कंपनीचे वकील अशा वेळी ‘दुसरे काही काम करता येईल’ असे सुचवितात. ते काम कोणते, हे मात्र सांगत नाहीत.

महिना १५,००० रुपये कमाई, भावी वाढीचे ४० टक्के आणि त्या वयाचा १६ हा गुणक धरल्यास त्याची संपूर्ण उत्पन्नहानी ४०,३२,००० रुपये होते. त्याच्या दाखल्यावर वरच्या सूत्राने ७० टक्के आले आणि तेवढेच ग्राह्य धरले, तर २८,२२,४०० रुपये. मधल्या बारा लाखांत त्याच्या मुलांचे शिक्षण आहे. वेदनांच्या भरपाईची गोष्ट निराळी. दोन्ही इजांचे इस्पितळातील दिवस एकच असल्याने तेथे दुहेरी आकारणी मागणे मला गैर वाटते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० सालच्या त्याच निवाड्यानुसार वैद्यकाने शारीरिक अपंगत्व सांगावे आणि अर्थार्जनाची हानी प्राधिकरणाने ठरवावी. सबब अर्जदारांच्या वकिलांस विनंती अशी की, दाखला नुसता दप्तरी न लावता वैद्यकास साक्षीस बोलवावे, टक्केवारी अवयवाची की सर्व शरीराची हे त्याच्याकडून वदवून घ्यावे, आणि अर्जदाराच्या मुकादमाचीही जबानी नोंदवावी.